बंड्याचा रंग का बदललाय, आणि बंड्या खरंच बंड्या आहे का?

पत्र बेळगावच्या अनगोळहून आलंय. नाव छापू नका म्हणालीय म्हणून छापत नाही, आणि लांबलचक होतं म्हणून कापून देतोय.

"डॉक्टरकाका नमस्कार. मी बी.कॉम. फायनलला आहे. माझा मामा बेंगळूरला असतो, त्याला कंपनीनं परदेशात पाठवलं म्हणून जाताना त्यानं त्याचा व्हेल्ड शॅमेलियन, म्हणजे रंग बदलणारा परदेशी सरडा, मला देऊन टाकला. नाव बंड्या, वय वर्षाच्या आसपास. आला तेव्हा पोपटी हिरवा होता. गेले दोनतीन आठवडे अंगावर मोहरीसारखे पिवळे डाग आणि निळे निळे ठिपके आलेत, आणि आता चार दिवस झाले काहीच खात नाही, दिवसभर खालीवर फिरतो आणि पिंजऱ्याचा तळ नखांनी खरवडतो. त्यात माझ्या भावानं चतुर्थीच्या आदल्या दिवशी येळ्ळूरच्या शिवारातनं एक आपला गावठी शॅमेलियन धरून आणला, बंड्याला जोडी म्हणून, आणि जाळी लावलेल्या क्रेटमध्ये घालून शेजारीच ठेवला. तेव्हापासनं बंड्या कोळशासारखा काळा पडालाय, तोंड उघडून फुस्स करतो, झुलतो. आज्जी म्हणते नजर लागली, तिनं मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. मैत्रीण म्हणते मागं गणपतीचा काळा मखमली पडदा लावलाय त्याचा रंग घेतलाय. आई म्हणते कावीळ. पेट शॉपवाला फोनवर म्हणाला मोठा बल्ब लावा. कुणाचं ऐकू?"

कुणाचंच नको. म्हणजे आज्जीचं थोडं ऐकायला हरकत नाही, कारण नजर लागलीय हे खरं आहे, फक्त ती शेजारच्या क्रेटमधल्याची लागलीय. तेव्हा हे वाचतावाचताच उठ आणि ती क्रेट दुसऱ्या खोलीत नेऊन ठेव, दाराआड, बंड्याच्या डोळ्याला अजिबात पडणार नाही अशी, आणि मग येऊन पुढचं वाच. ह्यांचे दोन डोळे दोन दिशांना वेगवेगळे फिरतात, पुढचं मागचं सगळं दिसतं, त्यामुळं जरा बाजूला सरकवली, मध्ये उशी ठेवली असलं काही चालत नाही.

ठेवलीस? बरं. आता तू पाठवलेल्या फोटोंतला तिसरा फोटो उघड, ज्यात बंड्या फांदीवर पाठमोरा बसलाय आणि मागचा डावा पाय पूर्ण दिसतोय. तो मोठा करून टाचेकडं बघ. व्हेल्ड जातीचा नर असला तर अंड्यातनं बाहेर येतो तेव्हापासनंच त्याच्या मागच्या पायांच्या टाचेला एक छोटा टोकदार मांसल उंचवटा असतो, मादीला तो नसतो. ह्या फोटोत टाच एकदम साफ आहे. डोक्यावरचा टोपही बुटका आहे, नराचा ह्या वयात चांगला उंच झालेला असतो. तेव्हा पोरी, तुझा बंड्या बाई आहे. मामानं नाव ठेवताना तोंडच बघितलं असणार, पाय बघितले नसणार.

आणि बाई आहे म्हटलं की तुझ्या पत्रातली एकेक गोष्ट जागच्या जागी बसते बघ. कोंबडी कोंबडा नसतानाही अंडी घालते की नाही, तशी ही व्हेल्डची मादी वयात आली की नर बघितलेला नसला तरी अंडी तयार करते, ती उबत नाहीत एवढंच. अंगावर आलेले मोहरीसारखे डाग आणि निळे ठिपके म्हणजे मादी वयात आली, अंगात अंड्यांचं काम सुरू झालं. कावीळ बिवीळ काही नाही. आईंना सांग, शॅमेलियनची तब्येत बघायची तर त्याच्या शीवर जो पांढरा गोळा पडतो तो बघायचा. तो पांढरा असला तर ठीक, नारिंगी पिवळा पडला असला तर पाणी कमी पडालंय. खाणं सोडलं, अस्वस्थ फिरणं सुरू केलं, तळ खरवडायला लागली म्हणजे अंडी घालायला जागा शोधालीय, आणि तिला जागा मिळत नाही, कारण पिंजऱ्याच्या तळाला प्लास्टिक आहे. ही खरी घाईची गोष्ट आहे, काळा रंग नव्हे. रंगाचं सगळं सांगतो पण बादलीचं आधी सांगून टाकतो, कारण तुम्ही पोरं लेख अर्धाच वाचता.

रंगाची मोठी रिकामी बादली घे, घरात कधीतरी पेंटिंग झालं असेल तर माळ्यावर असतेच, चांगली घासून धुऊन घे, ऑइलपेंटची असली तर नको. तिच्यात निदान फूटभर तरी वाळू भरायची, बांधकामाची चालेल पण चाळून आणि तीनचार पाण्यानं धुऊन. खानापूरकडची तांबडी माती कुणाकडं असेल आणि तिच्यावर खतं-औषधं पडलेली नसतील तर थोडी मिसळली तरी चालते, बोगदा धरून राहतो. ओल किती, हे महत्त्वाचं. मुठीत दाबली की गोळा व्हायला पाहिजे पण पाणी गळायला नको, आणि बोट खुपसून बाहेर काढलं की भोक तसंच राहायला पाहिजे, ढासळलं तर अजून थोडं पाणी मार. कोरड्या वाळूत ती खणते, वरनं ढासळते, परत खणते, आणि दमून सोडून देते. बादली पिंजऱ्यात ठेव आणि एक फांदी तिरकी लाव म्हणजे तिला आत उतरता आणि वर चढता येईल.

मग तिन्ही बाजूंनी चादर लाव आणि गप्प बस. हे गप्प बसणं तुमच्या घरात गणपतीत कसं जमणार मला माहीत नाही, पण जमवायला पाहिजे. खणत असताना तिला माणूस दिसला की ती काम सोडून वर येते, आणि असं दोनतीनदा झालं की अंडी आत अडकायची भीती. दर्शनाला येणारी पोरं 'सरडा दाखवा, सरडा दाखवा' करतात, त्यांना मोदक द्या आणि बाहेर काढा. पिंजरा आतल्या खोलीत हलवता येत असेल तर आजच हलव. आरतीचा आवाज तसा तिला फार जाणवत नाही, ह्यांना बाहेरनं कान नसतात आणि ऐकूही कमीच येतं, पण डॉल्बीनं भिंत आणि फांदी थरथरते ती कळते, त्यामुळं रस्त्याकडची खोली नको. ती एखाददुसरं भोक खणून सोडेल, मग एक खोल बोगदा करेल, कदाचित रात्रभर आतच राहील, नंतर अंडी घालून माती परत ढकलून पायांनी दाबून बसवेल. हे सगळं एखाद-दोन दिवस चालतं. अंडी 20-30 पासून 60-70 पर्यंत काहीही असू शकतात, बघून घाबरू नकोस, आणि उबवायच्या भानगडीत पडू नकोस, त्यातनं काही निघणार नाही. वर येईल ती चिखलानं माखलेली आणि पोट खपाटीला गेलेली असेल, तेव्हा पहिलं पाणी. वाटीतलं पाणी ती पीत नाही, पानांवर पंपानं फवार मार, थेंब ओघळताना दिसले की चाटते. मग कॅल्शियमची पावडर लावलेले किडे, नेहमीपेक्षा थोडे जास्त, दोनतीन दिवस. भावाला उसाच्या फडातनं नाकतोडे धरून आणायला पाठवू नकोस, औषध मारलेलं असतं.

दोन दिवस झाले, खणणं चाललंय पण अंडी नाहीत, किंवा ती तळाला आडवी पडलीय, दिवसाढवळ्या डोळे मिटालीय, डोळे आत गेलेत, फांदीवरची पकड सैल झालीय, तर माझ्या उत्तराची वाट बघायची नाही, दवाखाना. मी आयुष्यभर गाई-म्हशी बघितलेला माणूस आहे, हे सरपटणारे प्राणी मी आवडीनं शिकलो, पण सरपटणाऱ्यांचं ऑपरेशन करणारे डॉक्टर पुणे, बेंगळूरलाच सापडतील. एक्स-रे मात्र गावातल्या कुठल्याही कुत्र्या-मांजरांच्या चांगल्या दवाखान्यात निघतो, त्यात अंडी स्पष्ट दिसतात, आणि तो फोनवरनं पुण्याच्या डॉक्टरांना पाठवता येतो. तेवढं नंबर वगैरे आजच विचारून ठेव.

आता रंग. तुझ्या मैत्रिणीचं म्हणणं बहुतेकांचं असतं, की मागं जे असेल त्याचा रंग घेतो. तू मागं काळी मखमल लाव, पैठणी लाव, नाहीतर चौकटीचा टॉवेल लाव, बंड्याच्या अंगावर मोर पण येणार नाही आणि चौकडी पण. शॅमेलियन लपतो तो त्याच्या साध्या हिरव्या रंगानं आणि त्या डुलत डुलत एकेक पाऊल टाकण्यानं, वाऱ्यानं पान हललं असं वाटतं. हे फुकट असतं, त्यासाठी रंग बदलावा लागत नाही. रंग बदलतो तो मुख्यतः दोन कारणांनी, एक अंगाला ऊन पाहिजे की नको, आणि दुसरं म्हणजे समोरच्याला काहीतरी सांगायचंय. दक्षिण आफ्रिकेत बुटक्या शॅमेलियनच्या पुष्कळ जाती आहेत, त्यांच्यावर 2008 साली एक मोठा अभ्यास छापून आला. त्यात असं निघालं की ज्या जाती जास्त रंग बदलतात त्या काही जास्त रंगीबेरंगी जागेत राहणाऱ्या नव्हत्या. त्यांचे एकमेकांना दाखवायचे रंगच जास्त उठून दिसणारे होते. म्हणजे ही कला वाढली ती लपायसाठी नव्हे, दिसायसाठी.

हे अंगात होतं कसं तेही सांगतो, मला स्वतःला फार आवडतं म्हणून, नको असेल तर हा परिच्छेद सोड. कातडीत वरच्या थरात पिवळ्या रंगद्रव्याच्या पेशी असतात. त्यांच्या खालच्या पेशींत ग्वानिन नावाच्या द्रव्याचे अतिशय बारीक स्फटिक ओळीनं रचून ठेवलेले असतात. ह्या स्फटिकांना स्वतःचा रंग नाही, पण त्यांच्यामधलं अंतर जेवढं असेल त्याप्रमाणं ते ठराविक रंगाचा उजेड परत फेकतात. प्राणी शांत असला की स्फटिक जवळजवळ असतात, निळा उजेड परत येतो, वरच्या पिवळ्यातनं तो गाळून आला की आपल्याला हिरवा दिसतो. चिडला की स्फटिक लांब लांब होतात आणि उजेड पिवळ्या-नारिंगीकडं सरकतो, हिरव्याचा पिवळा, निळ्याचा पांढरा होतो. हे 2015 साली जिनिव्हा विद्यापीठाच्या लोकांनी मादागास्करच्या पँथर शॅमेलियनवर दाखवून दिलं. त्याच्याही खाली मोठ्या स्फटिकांचा अजून एक थर सापडला, तो उन्हातली उष्णता परतवतो. आणि काळा रंग वेगळा, तो मेलॅनिनचा, म्हणजे आपल्या कातडीत असतं तेच. त्याच्या पेशींना फांद्या असतात, मेलॅनिन मध्यभागी गोळा झालं की अंग उजळ आणि फांद्यांतनं वर पसरलं की अंग काळं. तुझ्या बंड्याचं काळं होणं ते हे.

आता त्या काळ्याचा अर्थ. इथं लोक चुकतात, कारण त्यांना एका रंगाला एक अर्थ पाहिजे असतो, काळा म्हणजे राग, हिरवा म्हणजे खूश, असा तक्ता. तसं नाही. काळा असतो तेव्हा तो कुठं बसलाय, कसा बसलाय, किती वाजलेत आणि समोर कोण आहे हे बघितल्याशिवाय काही कळत नाही. आत्ता ह्या दिवसांत आपल्या बेळगावात सकाळी ऊन कुठाय, झिमझिम चालू असते, अशा वेळी बंड्या उठल्या उठल्या गडद होऊन बल्बकडं एक कूस करून, अंग चपटं करून बसली, आणि बल्बकडची बाजू दुसऱ्या बाजूपेक्षा काळी दिसली, तर ती नुसती शेकालीय. तासाभरात अंग तापलं की आपोआप उजळते. पेट शॉपवाल्यानं काळा म्हटल्यावर थंडी धरली ती ह्यावरनं, त्याचं अगदीच चूक नाही. पण थंडी वाजणारी बल्बखालनं हलत नाही, आणि तुझी दिवसभर तळाला फिरालीय. मोठा बल्ब लावू नकोस, डोक्यावरच्या टोपाला भाजतं. जास्त गरम झालं तर ती उलट फिकट पडते, बल्बपासनं लांब जाते आणि तोंड उघडून बसते, आवाज न करता. म्हणजे बघ, तोंड उघडणं पण दोन तऱ्हेचं आहे, फिकट अंगानं गप्प उघडलं तर उकाडा, आणि काळ्या अंगानं फुस्स करत, पुढंमागं झुलत उघडलं तर 'पुढं आलास तर चावेन'.

बंड्याचं दुसरं आहे. मादीला नर नको असला, किंवा पोटात अंडी आधीच असली, की ती अशी अंधारते आणि त्या काळ्यावर पिवळे-निळे ठिपके दिव्यासारखे उठतात. नर लांबूनच बघतो आणि शहाणा असला तर वाट बदलतो. येळ्ळूरवाला नर आहे का मादी मला माहीत नाही, आणि जातही वेगळी, बंड्याचं मूळ येमेन आणि सौदीच्या नैर्ऋत्येकडचं, हा आपला भारतीय शॅमेलियन, पण दोघं जवळचे नातेवाईक आहेत आणि बंड्याच्या दृष्टीनं तो एक शॅमेलियन आहे एवढं पुरतं. पळायला जागा नाही, पिंजरा आहे, त्यामुळं तो समोर आहे तोवर ती तोच निरोप दिवसभर देत बसली, चार दिवस. नरानरांमध्ये हे अजून बघण्यासारखं असतं. अमेरिकेत अॅरिझोनात व्हेल्ड नरांच्या झुंजी लावून मोजमाप केलं, 2013 साली छापून आलं. ज्याच्या अंगावरचे पट्टे जास्त झळाळतात तो पुढं चाल करून जायची शक्यता जास्त, आणि ज्याच्या डोक्याचा रंग जास्त उजळ होतो आणि पटकन होतो तो जिंकायची शक्यता जास्त. पुढच्याच वर्षी त्यांनीच दाखवलं की हरणारा काळा पडतो. म्हणजे 'मी सोडलं, आता मारू नकोस'. तर काळा म्हणजे धमकी पण आहे आणि शरणागती पण, अंग फुगवून झुलतोय का अंग आकसून फांदीमागं सरकतोय ह्यावर ठरतं. आपल्याकडं निवडणुकीत रंग बदलणाऱ्यांना लोक सरडा म्हणतात, पण सरडा निदान मनात आहे तोच रंग दाखवतो.

म्हणून जोडी हा प्रकार डोक्यातनं काढून टाक. शॅमेलियन एकटाच राहतो, त्याला एकटं वाटत नाही. आरसा समोर ठेवू नकोस, काचेची टाकी नको, जाळीचाच पिंजरा बरा. पुष्कळ जण व्हिडिओ काढायसाठी मुद्दाम आरसा दाखवतात, सगळे रंग फुलतात आणि खाली लोक लिहितात किती सुंदर. मला ते बघवत नाही. तुला घरात पाहिजे तो रंग म्हणजे तो कंटाळवाणा, एकसारखा हिरवा, ज्याचा फोटो कुणी काढत नाही.

ते कळायला सगळ्यात सोपी वेळ रात्रीची. दिवे घालवून तासभर झाला की लांबून टॉर्चचा नुसता कवडसा टाक, लगेच बंद कर. निवांत झोपलेली शॅमेलियन फिकट पडते, पुदिन्याच्या चटणीत दही जास्त झालं की होतो तसला रंग, डोळे मिटलेले, शेपटी गुंडाळलेली. अशी दिसली तर समज क्रेट हलवल्याचा गुण आला. रात्री पण गडद आणि डोळे उघडे असले तर तिला अजून काहीतरी डाचतंय. अंड्यांच्या रात्री हे बघायला जाऊ नकोस, नंतर बघ. आणि कधी अंग भुरकट, पांढरट, कागद चिकटवल्यासारखं दिसायला लागलं तर कात टाकालीय, ओढून काढायची नाही, फवारा थोडा जास्त.

एक गोष्ट तू लिहिली नाहीस पण फोटोत दिसते, पिंजरा खिडकीशी आहे आणि यूव्हीची, म्हणजे अतिनील किरणांची, ट्यूब कुठं दिसत नाही. खिडकीच्या काचेतनं उजेड येतो पण कॅल्शियम अंगी लागायला लागणारा यूव्हीबी काच अडवते. मामानं ट्यूब दिली असेल तर लाव, दिली नसेल तर मागव, सरपटणाऱ्या प्राण्यांसाठीची सरळ ट्यूब मिळते, गोल छोटा बल्ब नको. अंडी करणारी मादी हाडांतनं कॅल्शियम काढते, आणि मग हाडं वाकतात, जबडा मऊ पडतो. पाऊस उघडला की सकाळचं कोवळं ऊन टेरेसवर, जाळीतनं, निम्मा पिंजरा सावलीत ठेवून आणि तू शेजारी बसून, कारण घारी-कावळे. आणि एकदा हे बाळंतपण निभावलं की खाणं थोडं हात राखून दे आणि बल्बखालचं तापमान जरा उतरव, सत्तावीस-अठ्ठावीसच्या आसपास. भरपूर खायला आणि भरपूर ऊब मिळाली की पुढची अंडी लवकर आणि मोठ्या संख्येनं येतात, आणि त्यात मादीचं आयुष्य जातं.

राहिला येळ्ळूरवाला. भावानं आणला तो प्रेमानं आणला असेल, पण भारतीय शॅमेलियन 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो, धरणं, घरात ठेवणं, विकणं सगळा गुन्हा आहे, आणि 'गणपती झाले की सोडतो' असं चालत नाही. 1926 ला फोन लाव, वनखात्याची हेल्पलाइन आहे, नाहीतर जवळच्या रेंज ऑफिसला जा. गार्डला मराठी येत नसेल तर कानडीत 'गोसुंबे' म्हण, लगेच कळेल. नेमका कुठल्या बांधावर, कुठल्या झाडावर धरला ते भावाला सांगायला लाव, कारण तो तिथंच सुटला पाहिजे. सरड्याची धाव कुंपणापर्यंत म्हणतात ते ह्याच्या बाबतीत अक्षरशः आहे, त्याला त्याच्या चार झुडपांबाहेर सोडलं तर त्याचं काही खरं नाही. तोवर अंधाऱ्या, हवेशीर, शांत जागी ठेवा, फांदी द्या, पाण्याचा एक फवारा मारा, हाताळू नका. त्याचं थुंक विषारी, तो अंगावर पडला तर माणूस मरतो वगैरे आज्जी सांगत असेल, तसलं काही नाही, त्याला विष नसतं. ह्या गैरसमजापायी बिचारे काठीनं मारले जातात. बांधावर मान हलवणारा, लाल गळ्याचा जो असतो तो पण रक्तबिक्त पीत नाही, तो बागेतला साधा सरडा, विणीच्या दिवसांत नराचं डोकं-गळा लाल होतो आणि तो जोर काढल्यासारखा वरखाली होऊन दुसऱ्या नराला हद्द दाखवतो, भाषा तीच.

आणि बंड्याचे कागद. परदेशी जातींपैकी ज्यांची नावं वन्यप्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या कराराच्या यादीत आहेत, त्यात व्हेल्ड आहे, त्यांची नोंदणी करायचा नियम केंद्रानं 2024 च्या फेब्रुवारीत काढला, केंद्राच्या परिवेश नावाच्या वेबसाइटवर अर्ज करायचा असतो, आणि प्राणी एकाकडनं दुसऱ्याकडं गेला तरी कळवायचं असतं. मामाला मेसेज टाकून विचार, नोंदणी केली होतीस का, विकत घेतल्याची पावती कुठाय. नसेल तर वनखात्यात जाशील तेव्हा दोन्ही गोष्टी एकदमच सरळ सांगून मार्ग विचार, लपवून ठेवण्यापेक्षा ते परवडतं. माझं मत विचारलंस तर शॅमेलियन हा पाळायचा प्राणी नव्हे, पण तुझ्याकडं आलीच आहे तर नीट सांभाळ. नाव बंड्याच राहू दे, तिला काय त्याचं.

भाऊ हिरमुसला असेल तर त्याला सांग, पाऊस कमी झाला की रात्री त्याच शिवाराच्या कुंपणानं टॉर्च घेऊन फिरायचं, झोपलेला शॅमेलियन फिकट पडतो म्हणून हिरव्या झुडपात पांढरट उठून दिसतो, दिवसा शेजारनं गेलं तरी दिसत नाही. लांबून बघायचा, मोबाइलचा फ्लॅश मारायचा नाही, हात लावायचा नाही. आणि घोट्याच्या वरपर्यंत येणारे बूट घालून जा म्हणावं, त्या बांधांवर घोणस असते.